मालमत्ता पत्रकावरचं दुसरं नाव

आण्णा, म्हणजे माझे वडील, ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. इचलकरंजीतली आमची मागाची शेड आता माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर करून घ्यायची, दोन-चार चकरांत काम होईल, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिला अर्ज जानेवारी २०२३ मध्ये केला आणि काम मार्च २०२५ मध्ये संपलं. या सव्वादोन वर्षांत कितीतरी दुपारी मी एखाद्या कचेरीच्या बाकावर बसून 'आता पुढं कुठं जायचं' या विचारानं रडकुंडीला आले. ज्यांच्या पोटमाळ्यावर मोडी लिपीतल्या हिशोबाच्या चोपड्या पडल्या आहेत आणि ज्यांची वारस नोंद दोन-तीन पिढ्या राहून गेली आहे, त्यांना निदान रस्ता ओळखीचा वाटावा म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहिते आहे.

शेड साधीच आहे. मंगलोरी कौलं, मधे काचेची चार कौलं, खाली शहाबादी फरशी. आण्णा खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आणि वीज आपली, आणि मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. बारा माग होते. २०१९ च्या पुरात पाणी शेडमध्ये शिरलं, त्यानंतर माग पुन्हा नीट चाललेच नाहीत. लहानपणापासून एक गोष्ट पाहत आले होते, तिचा अर्थ मात्र तेव्हा कळत नव्हता. दर पावसाळ्यात शेडच्या उत्तर अंगाची फरशी खचायची, तीही ठराविक चार ठिकाणी. आण्णा दर दिवाळीआधी गवंडी बोलवायचे.

१६ जानेवारी २०२३ ला मालमत्ता पत्रकाचा उतारा हातात आला. त्यात आण्णांचं नाव नव्हतं, आजोबांचंही नव्हतं. १९५७ साली वारलेले पणजोबा अजून धारक म्हणून उभे होते. आणि त्यांच्या खाली दुसरं नाव, समाईक, निम्मा हिस्सा. नावाच्या मधे 'बिन' (म्हणजे 'चा मुलगा') आणि शेवटी 'कोष्टी'. हे नाव आमच्या घरात कुणी कधी उच्चारलेलं मला आठवत नव्हतं. (त्यांच्या घरच्यांच्या इच्छेवरून ते नाव इथं देत नाही.) आमच्याकडं गोष्ट अशी सांगायचे की पणजोबांनी एकट्याच्या हिमतीवर चार माग आणले आणि कारखाना उभा केला. दरवर्षी खंडेनवमीला मागाची पूजा करताना ती गोष्ट व्हायची.

इथं पहिली सूचना. नुसतं मालमत्ता पत्रक घेऊन थांबू नका. नगर भूमापनाच्या वेळी जी चौकशी झाली, तिच्या 'चौकशी नोंदवही'चा उतारा वेगळा अर्ज करून मागा. जागा कुणाकडं कशी आली, याची ओळ तिथं असते. आमच्या उताऱ्यात ती होती, 'मूळ घर जागा कोष्टी यांची, कारखाना उभयतांचा'. म्हणजे ज्या जमिनीवर आमचे माग चार पिढ्या चालले, ती जमीन मुळात आमची नव्हतीच.

पुढचे तीन महिने वाया गेले, आणि ते माझ्यामुळं गेले. मी वकिलांना विचारलं की इतक्या वर्षांत कुणी हक्क सांगायला आलं नाही, तर ते नाव काढून टाकता येईल का? त्यांनी समजावून सांगितलं. बारा वर्षं उघड कब्जा ठेवला की जमीन आपली, ही 'विरुद्ध कब्जा'ची गोष्ट परक्याच्या जमिनीबाबत बोलतात, पण सहहिस्सेदाराचा कब्जा हा कायद्यानं सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. दुसऱ्याला उघडपणे हक्क नाकारल्याचं सिद्ध करावं लागतं. तरी प्रयत्न करून बघू, असं ते म्हणाले. मी होकार द्यायच्या बेतात होते. एप्रिलमध्ये भाऊ म्हणाला, "ताई, त्या माणसाचं आपण काय केलं ते आधी बघू या. मग ठरवू." तेव्हा मला त्याचा राग आला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत पोटमाळ्यावरची ट्रंक उतरवली. वर ठेवली म्हणून ती पुरातून वाचली होती, पण कौलांतून गळलेलं पाणी तळाशी गेलं होतं. खालच्या दोन चोपड्या विटेसारख्या एकजीव झाल्या होत्या. घाईनं एक पान सोडवायला गेले आणि ते हातातच तुटलं. पुन्हा तसं करू नये म्हणून सांगते. चिकटलेली चोपडी उन्हात ठेवू नका, पानं ओढू नका. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, वर्तमानपत्रांच्या कोऱ्या कागदात ठेवून आठ-दहा दिवस वाट पाहा. बरीचशी पानं आपोआप सुटतात. प्रत्येक पानाचा फोटो आधी, वाचन नंतर.

एकूण सात चोपड्या होत्या. तीन कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या), चार खतावण्या (खातेवार हिशोबाच्या). १९४० च्या पुढच्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आधीच्या सगळ्या मोडीत. जूनमध्ये कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दोन दिवस जाऊन बसले. ओळखपत्र, अर्ज, आणि आत फक्त पेन्सिल. आमच्या शेडबद्दल तिथं काही हाती लागलं नाही, पण शासनमान्य मोडी वाचकांची यादी मिळाली, आणि पुढं न्यायालयात तिचाच उपयोग झाला. ओळखीच्या माणसाकडून वाचून घेतलेलं घरासाठी ठीक. कागदोपत्री लागणार असेल तर लिप्यंतरावर मान्यताप्राप्त वाचकाची सही आणि शिक्का हवा.

आमच्या वाचकांचा दर पानाला ३०० रुपये होता. निवडक ६२ पानं दिली, म्हणजे १८,६०० रुपये. ऑगस्टमध्ये काम सुरू झालं, ऑक्टोबरपर्यंत २४ पानं झाली आणि मग थांबलं. त्या सुमारास राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता आणि मोडी वाचणाऱ्याला क्षणाची उसंत नव्हती. आमची उरलेली पानं फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाली. त्या महिन्यांत मी स्वतः थोडी मोडी शिकले. अक्षरं पंधरा दिवसांत ओळखू येतात. एखाद्या माणसाचं हस्ताक्षर वाचता यायला मात्र वेळ लागतो. आकडे लवकर जमतात. रुपयांच्या आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन रेघा आठ आणे, तीन रेघा बारा आणे. साल शकात असतं. त्यात ७८ मिळवायचे, पौष-माघापासून पुढच्या पानांना ७९. मी सुरुवातीला हे विसरले आणि दोन नोंदी एक वर्ष मागं टाकल्या होत्या.

त्या चोपड्यांनी जे सांगितलं, ते मला कुणी घरात सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जुनी खतावणी शके १८३३ ची, म्हणजे १९११ ची. तेव्हा पणजोबांचा कारखाना नव्हताच. ते सुताचे व्यापारी होते. मुंबई आणि सोलापूरच्या गिरण्यांचं सूत रेल्वेनं हातकणंगले स्टेशनवर उतरायचं, तिथून बैलगाडीनं गावात. १० पौंडांचे पुडे. नंबर २०, नंबर ३०, क्वचित ४०. सुताचा नंबर म्हणजे काय हे मागवाल्याची मुलगी असून मला नीट सांगता आलं नसतं. ८४० वारांची एक लडी, आणि एका पौंडात जितक्या लड्या बसतील तो नंबर. नंबर वाढला की धागा बारीक. हे सूत पणजोबा चौदा विणकरांना घरपोच द्यायचे. विणकराच्या घरात खड्ड्याचा माग. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसणार, घरातल्या बायका रहाटावर कांड्या (आडव्या सुताच्या नळ्या) भरणार, पहाटे गल्लीत ताणा, म्हणजे उभे धागे, पसरून पांजणी होणार, म्हणजे त्याला खळ लागणार. काही दिवसांनी लुगडी परत यायची आणि मजुरी मिळायची.

या हिशोबात एक रकाना आहे, 'घट'. दिलेलं सूत वजन करून लिहायचं, आलेलं कापड वजन करून लिहायचं, मधली तूट ती घट. थोडी घट होतेच, तूस उडतं, धागा तुटतो. पण कुणाची जास्त, कुणाची कमी. चौदा खात्यांत एकाच खात्यावर घट इतकी थोडी आहे की आमचे मोडी वाचकही थांबले आणि म्हणाले, "हा माणूस सूत जपून वापरत होता, किंवा फार सच्चा होता." ते खातं त्या दुसऱ्या नावाचं होतं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला, आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी अशा उद्योगाला पाठबळ दिलं, हे आमच्या गावात शाळेतलं पोरही सांगतं. पण एकदा यंत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी गाव बदललं, असं झालं नाही. पणजोबांच्या चोपड्यांत १९११ पासून पुढं १९२४ पर्यंत खड्ड्याचेच माग आहेत. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं, जर्मन रंग येईनासे झाले. कीर्दीत रंगाचा भाव दर खेपेला चढत जातो आणि एका पानावर फक्त 'रंग नाही' एवढंच. १९१८ च्या आश्विनात चार खाती एका महिन्याच्या आत बंद झाली आहेत, पुढं 'मयत'. ती इन्फ्लुएंझाची साथ. ज्या हातानं लड्या मोजून लिहिल्या, त्याच हातानं, त्याच वळणदार अक्षरात ते चार शब्द आहेत. ते पान वाचलं त्या दिवशी मी पुढं काही वाचलं नाही.

'मागाचे खाते' उघडतं ते शके १८४६ मध्ये, १९२४ साली. मुंबईहून जुने वापरलेले चार माग, एक क्रूड ऑइलचं इंजिन, शाफ्ट, पट्टे. यातल्या दोन मागांचे सांगाडे अजून शेडच्या कोपऱ्यात आहेत. रंगाचे थर खरवडल्यावर बिडाच्या अंगावर अक्षरं दिसली, बटरवर्थ अँड डिकिन्सन, बर्नली. लँकेशायरमधल्या ओतशाळेतून निघालेलं लोखंड मुंबईच्या गिरणीत झिजून मग बैलगाडीनं आमच्या गल्लीत आलं होतं. पैसे कुठून आले, तेही आहे. सूत व्यापारातली शिल्लक, एका सावकाराचं कर्ज आणि पणजीच्या पाटल्या, गहाण. समोरच्या बाजूला दुसऱ्या नावावर जमा आहे, 'घर जागेबद्दल', आणि त्याखाली 'अंगमेहनत, निम्मी वाटणी'.

त्याच पानावर खर्चाच्या बाजूला एक नोंद आहे. 'मागाचे खड्डे चार बुजविणे, मजुरी ३॥'.

साडेतीन रुपये. त्या माणसानं स्वतःच्या घरातले, बापजाद्यांचे चार खड्डे बुजवून त्यावर यंत्रमागाचा पाया घेतला. आमची फरशी तिथंच खचत होती.

पुढची वीस वर्षं मी फार बारकाईनं वाचली. ओळीनं मांडता येतील इतक्या गोष्टी आहेत, पण काहीच सांगते. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप उन्हाळ्यात सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या काळात नंबर २० चं सूत सोलापूरकडून घेतलं आहे, चढ्या भावानं, आणि तरी श्रावणात दोन आठवडे 'माग बंद'. १९३० ला स्वदेशीच्या लाटेत लुगडी उचलली गेली, त्या वर्षी आणखी चार माग आले. शिकाऊ पोरांची नावं आहेत, त्यांना शिकवणारा तो भागीदार. पणजोबा गादीवर बसून सूत-कापडाचा भाव बघायचे. इंजिनाचा आवाज बदलला, पट्टा घसरला, धोटा (आडवा धागा घेऊन जाणारा) उडाला की धावणारा तो. कांड्या भरणाऱ्या मुलींची मजुरीही लिहिली आहे, आठवड्याला काही आणे. नावापुढं वय नाही, पण एकीपुढं 'लहान' असं लिहिलं आहे. त्यात आमच्या घरची कुणी मुलगी नाही.

जून १९४३ मध्ये कापड-सुतावर नियंत्रण आलं आणि सूत कोट्यानं मिळू लागलं. १९४४ च्या मार्गशीर्षात भागीदार वारला. खातं बंद केलेलं नाही. 'निम्मी वाटणी' मात्र तिथून पुढं लिहिलेली नाही. त्याऐवजी दरमहा १२ रुपयांची मनीऑर्डर, कर्नाटकातल्या रबकवीला. ती १९५२ पर्यंत जाते. शेवटची नोंद, 'मनीऑर्डर परत आली'. तीन महिने ओळीनं परत आली, मग नोंदच थांबली.

हे वाचून झाल्यावर भावाला फोन केला आणि त्याची माफी मागितली.

खरं तर रबकवीचा धागा त्याआधीच दुसऱ्या बाजूनं मिळाला होता. दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आमच्याकडचे जुने जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) मामा भेटले. वय ८४. चौदाव्या वर्षी आमच्या शेडमध्ये कांड्या पोचवायला लागले आणि जॉबर होऊन निवृत्त झाले. लाइनशाफ्टचा काळ त्यांनी पाहिला आहे. एकाच इंजिनावर सगळे माग, वर फिरता दांडा, खाली पट्टे. एक पट्टा तुटला की पोरं बाजूला पळायची. मी ते नाव घेतल्याबरोबर म्हणाले, "त्येंचंच घर हुतं न्हवं ते! त्येंची मालकीन पोरं घिऊन रबकवीला म्हायेरी गेली. नात अजून येती चौंडेश्वरीच्या दर्शनाला. तुमच्या घरात कुनी इचारलंच न्हाई, मग आमी कशाला बोलावं?"

असे कागद शोधताना आधी माणसांकडं जा. जॉबर, वहिफणीवाले (मागासाठी ताण्याचे धागे ओवणारे), दिवाणजी, घडीवाले. त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच नोंदवहीत नसतं. मी दहा महिने कागदांत घालवले, आणि ते मामा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर राहत होते.

१८ जानेवारी २०२४ ला मी आणि भाऊ मिरजेहून जमखंडीकडं जाणाऱ्या गाडीनं रबकवीला गेलो. गल्लीत शिरलो तर तोच मागाचा खडखडाट, क्षणभर आपल्याच गावात असल्यासारखं वाटलं. भागीदाराची नात ७३ वर्षांची आहे, घरातले तिला अव्वा म्हणतात. कानडी वळणाचं मराठी बोलते. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मुलानं पाणी आणून दिलं. मी मोडीच्या पानाचं लिप्यंतर वाचून दाखवलं, घटीच्या रकान्यापासून. खड्डे बुजवण्याच्या नोंदीशी आल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला.

मग मी मनीऑर्डरचं विचारलं. ती म्हणाली, "आज्जीनं घेतली नाही. हिस्सा द्या म्हणून दोनदा माणूस पाठवला होता. हिस्सा देत नाही आणि बारा रुपये पाठवतात, ते मला भीक नको, म्हणाली. पोस्टमनला दारातनंच परत लावला."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पणजोबा वाईट होते असं मला अजूनही म्हणवत नाही. आठ वर्षं दरमहा पैसे पाठवणारा माणूस विसरला नव्हता. पण खतावणीत निम्मी वाटणी लिहायची थांबवणारा हातही त्यांचाच. दोन्ही पानं माझ्याकडं आहेत. अव्वानं देवघरातून एक धोटा आणला, लाकूड काळं पडलेलं, टोकाचं लोखंड झिजलेलं. तो खड्ड्याच्या मागाचा. तिच्या आजोबांनी खड्डे बुजवले तेव्हा एवढा काढून ठेवला होता, दर खंडेनवमीला त्याची पूजा होते.

तिच्या ट्रंकेत भागीदारीचा करारही निघाला, संस्थानी स्टॅम्पावर. आमची प्रत आमच्याकडं नव्हती. त्या कागदानं पुढचं अर्धं काम केलं.

आता कायद्याचा भाग. मार्च २०२४ मध्ये दोन्ही घरांनी मिळून एकच वकील दिले. फी ४०,००० रुपये, निम्मी-निम्मी. आम्हाला वाटत होतं वारस म्हणजे मी आणि भाऊ. पणजोबा १९५७ साली गेले, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू झाल्यानंतर. त्यामुळं त्यांच्या मुलींनाही हिस्सा, आणि त्या मुलींच्या पुढच्या पिढ्यांनाही. आत्याआज्यांची नातवंडं बेळगाव आणि पुण्यात सापडली. आमच्या बाजूला १४ वारस झाले, अव्वाच्या बाजूला ९. त्यांच्यातला एक सुरतला मागावर आहे, एक भिवंडीत सायझिंगला. तुमच्याकडं जुना मृत्यू असेल तर मृत्यूचं साल १९५६ च्या आधीचं की नंतरचं, हे पहिल्याच दिवशी वकिलांना सांगा. वंशावळ त्यावर बदलते.

खरी अडचण नावांची होती. मालमत्ता पत्रकावर 'अमुक बिन तमुक कोष्टी'. मृत्यूच्या नोंदवहीत (१९४४ ची नोंद जुन्या हस्तलिखित वहीत मिळाली, त्या दिवशी फार बरं वाटलं) आडनाव गावावरून. आणि नातवंडांच्या आधार कार्डांवर त्याच आडनावाचं कानडी रूप. तीन कागद, तीन आडनावं. ही एकच व्यक्ती आहे हे नुसत्या प्रतिज्ञापत्रावर कुणी मान्य करेना, म्हणून दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागला. हा दाखला आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो, हे ऐकून मला नवल वाटलं. आमच्या इंजिनाच्या कितीतरी आधीचा कायदा.

अव्वाच्या मुलानं नाडकचेरीतून (कर्नाटकातली महसूल कचेरी) वंशवृक्षाचा दाखला काढला. तो कानडीत. मराठी भाषांतर आणि त्यावर भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र मिळून ४,५०० रुपये. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात दिली, ६,८०० रुपये, हरकतीला महिन्याची मुदत. नोटिशीचा मजकूर छापण्याआधी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचून घ्या. आमच्या नोटिशीत एका वारसाचं नाव चुकलं आणि ती पुन्हा छापावी लागली. दुसऱ्यांदा पुन्हा तितकेच पैसे आणि पुन्हा महिना.

मधल्या काळात एका कार्यालयाकडून कर आकारणीच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. तोंडी विचारलं की 'पुढच्या आठवड्यात या'. सहा आठवडे असेच गेले. शेवटी माहिती अधिकारात अर्ज केला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. अठ्ठाविसाव्या दिवशी अकरा पानांच्या नकला मिळाल्या, पानाला २ रुपये. अर्जात 'आमच्या शेडची सगळी माहिती' असं लिहू नका. नोंदवहीचं नाव, साल आणि मालमत्ता क्रमांक लिहा, म्हणजे टाळायला जागा राहत नाही. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हेही तिथंच शिकले.

साक्षीच्या दिवशी, सप्टेंबर २०२४ मध्ये, अव्वा रबकवीहून आली. दीड तास बाकावर बसली. न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचा आणि अर्जदारांचा संबंध काय?" ती म्हणाली, "आमचा माग एक आहे." दुभाष्याची गरज पडली नाही. १२ डिसेंबरला आदेश झाला.

जानेवारी २०२५ मध्ये दाखला, तीन पिढ्यांचे मृत्यू दाखले, वंशावळ आणि २३ जणांची प्रतिज्ञापत्रं जोडून फेरफारासाठी अर्ज दिला. सुरत आणि भिवंडीच्या दोघांनी अव्वाच्या मुलाला कुलमुखत्यारपत्र दिलं होतं, त्यांचे हेलपाटे वाचले. परिरक्षण भूमापकांनी कागद तपासले, सगळ्यांना नोटिसा निघाल्या, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली. कुणाची हरकत आली नाही. १७ मार्चला नोंद मंजूर झाली.

शेडचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. विकायची म्हणणारे सात-आठ आहेत, भाड्यानं द्यावी म्हणणारेही आहेत. अव्वा म्हणते, काही करा, पण फरशी उकराल तेव्हा मला बोलवा, आज्जा कुठं बसत होता ते मला बघायचं आहे. गवंड्याला पावसाळ्याआधी बोलावलं आहे.

नवीन मालमत्ता पत्रकाची प्रत घेऊन घरी आले तेव्हा भावानं ती दोनदा वाचली. तेवीस नावं, तीन पानं. त्यात जुन्या नोंदीतल्या भागीदाराच्या नावातला एक रफार टंकताना गळला आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. त्याची तारीख ९ जून.